विकलेल्या कहाण्या

कहाणी हा शब्द आपणां बायकांच्या फार ओळखीचा. श्रावणातल्या शुक्रवारी हाती तांदळाचे दाणे घेऊन आपण ऐकतो ती कहाणी, आणि पूर्वी पाणवठ्यावर व आता जिन्यात उभ्या उभ्या एकीने दुसरीला डोळे पुसत सांगितलेली तीही कहाणीच. दोन्ही ऐकावयास पैसे पडत नाहीत आणि सांगणारीलाही काही मिळत नाही. मिळालेच तर मन घटकाभर हलके होते. परंतु स्वतःच्या आयुष्यात घडलेली गोष्ट वर्तमानपत्राला अगर मासिकाला रोख पैसे घेऊन विकावयाची, असा एक व्यवहार इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ वर्षांपासून चालत आला आहे. त्याची दुकाने आहेत, दलाल आहेत, करारपत्रे आहेत, आणि त्यापायी झालेले खटलेही आहेत. त्या व्यवहाराचा थोडा इतिहास मी येथे सांगणार आहे. विषय स्मरणिकेस जरा चमत्कारिक वाटेल, पण त्यातली बहुतेक पात्रे बायका आहेत, तेव्हा तो आपल्यापासून फार दूरचा नव्हे.

या धंद्याचे मूळ शोधू गेले तर ते तुरुंगात सापडते. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात एक धर्मोपदेशक नेमलेला असे. फाशीच्या कैद्याला शेवटचे चार शब्द सांगावयाचे, त्याच्याकडून पापाची कबुली घ्यावयाची, हे त्याचे काम. ही कबुली आणि त्या अभाग्याचे चरित्र छापून विकण्याचा हक्क या धर्मोपदेशकाकडे असे, आणि १६७६ पासून जवळजवळ शंभर वर्षे अशी चोपडी लंडनमध्ये नियमाने निघत राहिली. फाशीच्या दिवशी जमलेल्या गर्दीत ती हातोहात खपत. म्हणजे गोष्ट कैद्याची, गळा कैद्याचा आणि पैसा उपाध्यायाचा! आपल्याकडे प्रेताच्या टाळूवरचे लोणी खाणे म्हणतात ते याहून निराळे काय असेल?

स्वतःची गोष्ट स्वतः विकणारी, आणि तीही मोठ्या हिशेबीपणाने विकणारी बाई म्हणजे हॅरिएट विल्सन. ही लंडनमधील एक गणिका. बड्याबड्या सरदारांची तिच्याकडे ऊठबस असे. तारुण्य सरले, कबूल केलेल्या नेमणुका कोणी देईना, तेव्हा १८२५ साली तिने स्टॉकडेल नावाच्या प्रकाशकाकडून आपल्या आठवणी भागाभागांनी प्रसिद्ध करावयास सुरुवात केली. पण खरी कमाई छापण्याची नव्हती, न छापण्याची होती. पुस्तकात ज्यांची नावे यावयाची त्यांना आधी पत्रे गेली की, दोनशे पौंड एकरकमी द्या किंवा सालिना वीस पौंडांची नेमणूक बांधून द्या, म्हणजे आपले नाव गाळू. कित्येकांनी मुकाट्याने पैसे भरले. ड्यूक ऑफ वेलिंग्टनने मात्र ते साफ नाकारले असे म्हणतात, आणि त्याने दिलेले तडकफडक उत्तर इंग्रजी भाषेत म्हणीसारखे झाले आहे. हा वेलिंग्टन म्हणजे कोणी परका नव्हे. १८०३ च्या सप्टेंबरात आपल्या असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली तो हाच. मराठ्यांच्या तोफांना न डगमगणारा सेनापती एका बाईच्या लेखणीसमोर उभा राहिला, ही गोष्ट मला वाचताना मोठी गमतीची वाटली. हॅरिएटबाईंचे आचरण मी उचलून धरीत नाही. दमदाटी ती दमदाटीच. परंतु ज्यांनी तिला वापरून टाकून दिले, त्यांना अब्रूची चाड तिच्या पुस्तकाच्या वेळीच का वाटावी, हेही विचारल्यावाचून राहवत नाही.

पुढे वर्तमानपत्रे स्वस्त झाली, तारायंत्रे आली आणि गोष्टीला ताजेपणाची किंमत आली. याचे सर्वांत करुण उदाहरण म्हणजे ‘टायटॅनिक’ बोटीवरील बिनतारी खात्यातला दुय्यम तारवाला हॅरल्ड ब्राइड. वय अवघे बावीस वर्षे. १९१२ च्या एप्रिलात ती बोट बुडाली तेव्हा त्याचा वरिष्ठ सोबती जॅक फिलिप्स मरण पावला; हा पाय गारठून जायबंदी झालेल्या अवस्थेत ‘कार्पेथिया’ या बोटीवर चढवला गेला, आणि तशा स्थितीतही तिच्या तारवाल्याच्या मदतीला बसला. बोट न्यूयॉर्कजवळ येत असता मार्कोनी कंपनीकडून या दोघा पोरांना बिनतारी संदेश गेले की, तुमची हकीकत चांगल्या रकमेला विकण्याची व्यवस्था केली आहे, तोवर तोंड उघडू नका. १८ एप्रिलच्या रात्री बोट धक्क्याला लागली, खुद्द मार्कोनीसाहेबांबरोबर ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा बातमीदार वर गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ब्राइडची हकीकत छापून आली. तिचे त्याला हजार डॉलर मिळाले. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या पोराला ही रक्कम म्हणजे घबाडच.

पण किनाऱ्यावर हजारो माणसे आपला माणूस जिवंत आहे की नाही एवढे कळावे म्हणून तळमळत असताना तारेवरून बातमी येत नव्हती. अध्यक्ष टाफ्ट यांच्या चौकशीलाही उत्तर आले नव्हते. मग लोकांच्या मनात आले की बातमी विकावयाची म्हणून दाबून ठेवली की काय! अमेरिकन सिनेटच्या चौकशी समितीने मार्कोनी यांना त्याबद्दल खोदून खोदून विचारले. गरीब तारवाल्यांना चार पैसे मिळाले तर बिघडले कोठे, असा त्यांचा बचाव होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जखमी पायाने जो मुलगा यंत्रापाशी बसला त्याच्यावर मी तरी हजार डॉलरांचा डाग लावणार नाही. परंतु ‘तोंड उघडू नका’ हे चार आगाऊ शब्द या साऱ्या धंद्याचा गाभा आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. विकत घेणारा बोलण्याचे पैसे देतोच, त्याहून जास्त तो इतरांपाशी न बोलण्याचे देतो.

आता या इतिहासातील मुख्य अध्यायाकडे येते.

अमेरिकेत बर्नार मॅकफॅडन नावाचा एक विक्षिप्त गृहस्थ होऊन गेला. व्यायाम, उपास, कच्च्या भाज्या, उघड्या हवेत निजणे यांचा हा मोठा पुरस्कर्ता. डॉक्टरांवर त्याचा राग. १८९९ साली त्याने ‘फिजिकल कल्चर’ हे मासिक काढले. इंग्लंडात उत्तम शरीरयष्टीच्या स्त्रीची स्पर्धा भरवून, तीत निवडलेल्या मेरी विल्यमसन या पोहणाऱ्या तरुणीशी १९१३ साली त्याने लग्न केले. त्या व्यायामाच्या मासिकाकडे वाचकांची पत्रे येत, आणि त्यांत प्रकृतीच्या तक्रारींबरोबर मनाच्या तक्रारीही येत. पतीने टाकलेल्या, फसलेल्या, आईबापांपासून काही लपवून ठेवलेल्या मुली लिहीत. घरच्या माणसांपाशी जे बोलता येत नव्हते ते त्या न पाहिलेल्या संपादकापाशी बोलत होत्या. ही पत्रे वाचता वाचता मेरीबाईंच्या मनात आले की, हीच छापली तर? निदान त्यांचे म्हणणे तसे आहे. दोघांचा पुढे घटस्फोट झाला आणि १९५३ साली मेरीबाईंनी आपल्या संसाराची हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तीत ही कल्पना आपली असल्याचे त्यांनी सांगितले आहे. नवऱ्याच्या नावावर मोडलेल्या बायकांच्या कल्पनांची यादी करावयाची तर ही स्मरणिका पुरणार नाही, असो.

१९१९ च्या मे महिन्यात ‘ट्रू स्टोरी’चा पहिला अंक निघाला. किंमत वीस सेंट, म्हणजे त्या काळच्या मानाने महागच. सत्य हे कल्पितापेक्षा अद्भुत असते, हे त्याचे ब्रीदवाक्य. वाचकांनी आपल्या आयुष्यातील घडलेली गोष्ट प्रथमपुरुषी लिहून पाठवावी, निवडल्यास पैसे मिळतील, आणि उत्तमांस बक्षिसे. त्या बक्षिसांचा आकडा हजार डॉलरपर्यंत जाहीर होत असे. चित्रकाराने काढलेली चित्रे नाहीत, तर माणसे उभी करून घेतलेली छायाचित्रे, म्हणजे वाचणाऱ्याला सारे डोळ्यांदेखत घडल्यासारखे वाटावे. लेखिकेने हकीकत खरी असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे. गोष्टी पारखावयास मॅकफॅडनने नामांकित साहित्यिक नेमले नाहीत; साध्या नोकरदार मुलींना त्या वाचावयास देत आणि त्यांना आवडली ती गोष्ट छापीत. शुद्धलेखन, अलंकार यांची प्रतिष्ठा तेथे नव्हती. १९२० नंतरच्या पाच-सात वर्षांत मासिकाचा खप वीस लाखांच्या घरात गेला! पाहता पाहता नक्कलाही निघाल्या. फॉसेट कंपनीचे ‘ट्रू कन्फेशन्स’ १९२२ चे, आणि मॅकफॅडनने स्वतःच काढलेले ‘ट्रू रोमान्सेस’ १९२३ चे.

हे एवढे का खपले, याचा विचार केला पाहिजे. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. खेड्यातल्या आणि परदेशातून आलेल्या घरांतल्या हजारो मुली शहरांत येऊन टंकलेखन, दुकानदारी, कारखाने यांत शिरल्या होत्या. आई दूर, मावशी दूर, शेजारीण अनोळखी. रात्री खोलीत एकटे बसल्यावर ‘माझ्यासारखेच आणखी कोणाचे झाले आहे का?’ हा प्रश्न कोणाला विचारावयाचा? त्या प्रश्नाचे उत्तर वीस सेंटला मिळू लागले. प्रतिष्ठित टीकाकारांनी या मासिकाला भरपूर नावे ठेवली, अश्लील म्हटले, आणि तोंड बंद करण्यासाठी मॅकफॅडनने निरनिराळ्या पंथांच्या धर्मोपदेशकांचे एक सल्लागार मंडळच नेमले. न्यूगेटचा उपाध्याय येथे पुन्हा भेटतो, फक्त वेगळ्या पोशाखात. गोष्टींचा साचाही ठरून गेला: पाय घसरला, दुःख भोगले, पश्चात्ताप झाला. वाचणारीला घसरण्याची उत्सुकता आणि धर्मोपदेशकाला पश्चात्तापाचे समाधान, दोन्हींची सोय!

परंतु साचा ठरला की त्यात काहीही ओतता येते. धंदेवाईक लेखक टोपणनावाने आपबीती रचू लागले. पुरुषांनी बायकांच्या कहाण्या लिहाव्यात हेही सर्रास झाले. आणि १९२७ साली खरेपणाच्या या सोंगाला चांगलाच तडाखा बसला. पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन या गावी घडलेली म्हणून एक गोष्ट छापून आली, तिच्यात पात्रांना दिलेली नावे गावातील आठ हयात, अब्रूदार माणसांची निघाली. त्या आठांनी पाच लाख डॉलरांचा अब्रुनुकसानीचा दावा ठोकला. म्हणजे गंमत पाहा: ‘सारे खरे आहे’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या मासिकाला कोर्टापुढे आपली गोष्ट खरी नाही हाच आधार घ्यावा लागणार! त्यानंतर प्रतिज्ञापत्रे आणि चौकशी कडक झाली, आणि गोष्टीतील नावे न चुकता बदलू लागली.

याच काळात आपली एक बाई अमेरिकेत होती, हे मला येथे आवर्जून सांगावेसे वाटते. हिंगण्याच्या आश्रमाच्या पार्वतीबाई आठवले १९१८ साली तिकडे गेल्या. इंग्रजी यथातथाच, लोकांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या, आणि अनाथ-विधवांच्या आश्रमासाठी मदत मिळवण्याची खटपट करीत राहिल्या. विधवेचे जिणे कसे असते हे त्या स्वतःवरून सांगू शकत होत्या. त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले, आणि दोनच वर्षांनी ॲबट या मिशनरी विद्वानाने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. ज्या अमेरिकेत मुली आपली गोष्ट शब्दांच्या हिशेबाने विकत होत्या, तेथेच एक मराठी विधवा आपली गोष्ट पदरात घेऊन दुसऱ्यांसाठी हिंडत होती. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० च्या, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते ३६ ची, बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ १९४४ चे. या सर्व बायांनी घरातलेच सांगितले. नवऱ्याचा राग, सासरचा छळ, सोवळेओवळे, पोटची दुःखे, यांतले काही लपवले नाही. परंतु कोणत्या पानावर किती अश्रू पाहिजेत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि तो फरक वाचताना जाणवतो. लक्ष्मीबाई आपल्या फजितीवर स्वतःच आधी हसतात. गोष्ट विकत घेणाऱ्याला असे हसू चालत नाही. त्याला रडू तरी पाहिजे, नाहीतर भानगड तरी.

भानगडीवरून क्रिस्टीन कीलरकडे वळावे लागते. १९६३ सालचे हे प्रकरण विलायतेत एवढे गाजले की त्याचे पडसाद इकडच्या वर्तमानपत्रांतही उमटले. इंग्लंडचे युद्धमंत्री प्रोफ्यूमो यांचा या एकोणीस वर्षांच्या मुलीशी १९६१ साली संबंध आला; तिची रशियन वकिलातीतील एका अधिकाऱ्याशीही ओळख होती, म्हणून प्रकरणाला राजकारणाचा रंग चढला. १९६३ च्या आरंभी तिने ‘संडे पिक्टोरियल’ला एक हजार पौंडांत हकीकत देऊ केली, दोनशे पौंड हातात घेतले, परंतु खटल्याच्या भीतीने ती छापली गेली नाही. मार्चमध्ये प्रोफ्यूमोंनी पार्लमेंटात काही वावगे झाले नसल्याचे निवेदन केले. जूनमध्ये ते खोटे असल्याचे कबूल करून राजीनामा दिला. राजीनामा पडताच त्याच आठवड्यात ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने क्रिस्टीनची हकीकत सुरू केली. किंमत सुमारे २३ हजार पौंड. त्यावेळच्या वृत्तपत्र परिषदेने त्या पत्राचा निषेध केला. खप अर्थातच कमी झाला नाही.

ज्याच्या घरी ती राहत असे त्या डॉक्टर वॉर्डने खटला चालू असतानाच झोपेच्या गोळ्या घेतल्या आणि ३ ऑगस्टला तो मेला. क्रिस्टीन डिसेंबरात दुसऱ्या एका खटल्यातील खोट्या साक्षीबद्दल नऊ महिन्यांसाठी तुरुंगात गेली. प्रोफ्यूमोंनी लंडनच्या गरीब वस्तीतील टॉयन्बी हॉल या संस्थेत सेवा पत्करली आणि पुढे त्यांना राजमान्यताही मिळाली. १९६९ साली ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चे मालक बदलले, आणि नव्या मालकाने तीच गोष्ट तिच्याकडून पुन्हा विकत घेतली, या खेपेस सुमारे २१ हजार पौंडांना. पुन्हा निषेध झाला. सेवा करणाऱ्या माणसाची जुनी चूक उकरून काढली म्हणून लोक हळहळले, आणि ते योग्यच होते. पण बाईसाठी कोणी हळहळले नाही. तिचे पैसे केव्हाच उडाले. उतारवयात ती नगरपालिकेच्या भाड्याच्या घरात राहत होती, आणि २०१७ साली वारली तोवर लोकांच्या लेखी ती एकोणीस वर्षांचीच राहिली. दोनदा विकलेली गोष्ट तिला कधी परत मिळाली नाही.

साक्षीदारांना पैसे देण्याची चाल तर याहून वाईट. १९६६ साली मुलांच्या खुनांच्या एका भयंकर खटल्यात सरकारपक्षाच्या मुख्य साक्षीदाराला एक वर्तमानपत्र आठवड्याच्या आठवड्याला पैसे देत असल्याचे उघड झाले. १९७९ मध्ये लिबरल पक्षाचे माजी पुढारी जेरेमी थॉर्प यांच्यावरील खटल्यात बेसेल या साक्षीदाराचा ‘संडे टेलिग्राफ’शी करार असा होता की, आरोपीस शिक्षा झाली तर पन्नास हजार पौंड, सुटला तर पंचवीस हजार. हे कळल्यावर पंचांचा त्याच्या साक्षीवर विश्वास कसा बसावा? थॉर्प सुटले. आता तेथील वृत्तपत्रांच्या आचारसंहितेत, चालू खटल्यातील साक्षीदाराला पैसे देण्यास बंदी आहे.

एवढे वाचून कोणी म्हणेल की हा धंदा मुळातच अमंगळ. मला तसे सरसकट म्हणता येत नाही, आणि त्याचे कारण लेस्ली ब्राउन ही बाई. १९७८ साली इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या रुग्णालयात तिच्या पोटी जगातील पहिले नळीतले बाळ जन्मास आले, ते २५ जुलैच्या रात्री. नऊ वर्षे मूल नाही म्हणून झुरणारी ही साधी बाई, नवरा रेल्वेतला कामगार. बातमी फुटताच देशोदेशीच्या बातमीदारांनी रुग्णालयाला वेढा घातला. या जोडप्याने आपल्या हकीकतीचा हक्क ‘डेली मेल’ला विकला. काहींनी नाके मुरडली. परंतु विचार करा: गोष्ट तर जगजाहीर होणारच होती. एकाला विकल्यामुळे उरलेल्या शंभरांना दार लावून घेता आले, आणि मुलीसाठी चार पैसे गाठीला राहिले. बाळंतिणीने दाराबाहेरच्या गर्दीला फुकट तोंड द्यावे, आणि तिच्या बाळाच्या छायाचित्रावर अंक खपवणाऱ्यांनी मात्र नफा घ्यावा, यात कोणती मोठी नीती? आपल्या मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून १९८६ च्या ऑगस्टमध्ये तसेच बाळ जन्मले, तेव्हाही बातमीदारांची रीघ लागलीच होती.

अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांनी १९५९ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाशी पाच लाख डॉलरांचा करार केला, त्यातही बायकांच्या हकीकती धरलेल्या होत्या. त्यांच्या पत्नींचे छायाचित्र त्या सप्टेंबरात मुखपृष्ठावर आले. सगळे संसार कसे अगदी चित्रासारखे! विकलेल्या संसारात भांड्याला भांडे लागलेले दाखवता येत नाही, एवढाच त्यातला तोटा.

आणि अखेर, जे विकत मिळत होते ते फुकट घेण्याची बुद्धी झाली. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने माणसांच्या दूरध्वनीवरील खाजगी निरोप चोरून ऐकावयास सुरुवात केली. खून झालेल्या एका शाळकरी मुलीचा दूरध्वनीही त्यांनी सोडला नव्हता, हे उघड झाल्यावर लोक असे खवळले की १० जुलै २०११ रोजी शेवटचा अंक काढून, १८४३ पासून चाललेले ते पत्र बंद करावे लागले.

हे सारे दूरदेशीचे झाले. दोन वर्षांपूर्वी आमच्या मागच्या वस्तीतील एक बाई एका साप्ताहिकाचे कात्रण घेऊन माझ्याकडे आली. नाव सांगत नाही. तिचे नाही आणि साप्ताहिकाचेही नाही. नवऱ्याच्या व्यसनापायी तिने सोसलेले, आणि चार घरची धुणीभांडी करून मुलांना शिकवलेले, हे त्यांच्या माणसाने तिच्या घरी बसून लिहून नेले होते, आणि जाताना चहापाण्याला म्हणून पाचशे रुपये ठेवले होते. बाईला वाचता येत नाही. मी तिला ते वाचून दाखवले. नवरा तिला विस्तवाचे चटके देई, असे त्यात होते. ती मला थांबवून म्हणाली, “बाई, हे मी नाही बोलले. तो हात उगारायचा, पण चटके नाही दिले कधी.” पुढे थोरल्या मुलीच्या शाळेचे नाव होते. वर्गातल्या कोणीतरी ते कात्रण फळ्याला चिकटवले, आणि मुलगी पंधरा दिवस शाळेत गेली नाही. मी त्या साप्ताहिकाला दोन पत्रे टाकली. उत्तर आले नाही. बाईला पाचशे रुपये परत करावयाचे होते, पण ते कोणाला द्यावयाचे हे तिला कळेना. शेवटी तिने त्यांची वह्या-पुस्तके घेतली.

या वर्षी स्मरणिकेत ‘माझा अनुभव’ हे सदर असावे असे ठरले, तेव्हा हीच गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे होती. समितीत मानधनावरून बरीच चर्चा झाली. कोणी म्हणाल्या, मंडळात कसले मानधन? मी म्हटले, जाहिरातीचे पैसे आपण घेतो, छापखान्याला देतो, कागदवाल्याला देतो, मग जिचे आयुष्य छापावयाचे तिलाच तेवढा धर्म का शिकवावयाचा? दोनशे एक रुपये द्यावयाचे ठरले. छापण्यापूर्वी लेख सांगणारीला संपूर्ण वाचून दाखवावयाचा, आणि त्यात ज्यांचा उल्लेख येईल त्या घरच्या माणसांनाही विचारावयाचे, असेही ठरले. त्यावर कुलकर्णीकाकू म्हणाल्या की सासूला विचारून सासूबद्दल लिहावयाचे तर सदर कोरेच राहील. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे ठरले नाही. सदरासाठी पाच अनुभव आले होते. दोन या अंकात त्या त्या भगिनींच्या खऱ्या नावाने आहेत, एक नाव बदलून आहे. चौथा लेखिकेने वाचून दाखवल्यावर परत मागून घेतला, आणि मानधन तिला तरीही दिले. पाचवा जिच्याबद्दल आहे ती तिची धाकटी जाऊ बडोद्याला असते. तिला पत्र पाठवले आहे. अंक छापावयास जाईतो तिचे उत्तर आलेले नव्हते, म्हणून तो लेख माझ्या कपाटात तसाच आहे.